जवाईबापूंचा गुडघा

बायकोच्या भावाच्या, धर्मेंद्रच्या मुलीच्या बारशाला धनंजय गेला नाही, त्याचं कारण सायकल होती. सांगितला मात्र गुडघा.

भंडाऱ्यात धनंजयचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. दिवसभर गादीवर बसून पोट सुटलं, म्हणून चाळिशी ओलांडल्यावर तो ‘पहाट पॅडल ग्रुप’मध्ये दाखल झाला. ग्रुपचा म्होरक्या चंद्रकुमार. तो एका पतसंस्थेत मॅनेजर होता, आणि पतसंस्थेत त्याचं कोणी ऐकत नसल्यामुळे ग्रुपमध्ये फार शिस्तीने वागायचा. ग्रुपची रावणवाडीच्या तलावापर्यंतची पहिली राइड ठरली ती नेमकी बारशाच्या रविवारी. धनंजयने नवी सायकल, हेल्मेट आणि मांडीला चिकटणारी काळी चड्डी नुकतीच घेतली होती. चड्डी घालून कोणाला दाखवायची राहिली होती. त्याने बायकोला सांगितलं, “रिता, तू जा कोंढ्याले. सांग, गुडघा धरला म्हनून. चालता येत नाही.”

रिता एकटी एसटीने कोंढ्याला, माहेरी गेली. भावाच्या लग्नानंतर आठ वर्षांनी घरात पाळणा हलला होता. आत्या म्हणून बाळाचं नाव तिनेच ठेवलं, टीना. दिवसभर येणारा-जाणारा प्रत्येक जण जवाईबापू काहून नाही आले विचारत होता, आणि रिता प्रत्येकाला गुडघा सांगत होती. संध्याकाळी घरी परतली तेव्हा धनंजय सोफ्यावर पाय पसरून आपले राइडचे फोटो बघत होता.

“आईला डावा सांगितला,” ती म्हणाली. “काकूला बहुतेक उजवा सांगितला गेला. आता दोन्ही सांभाळा.”

“एवढं कोन ध्यानात ठेवते?” धनंजय म्हणाला.

पुढे दोन-तीन महिन्यांत एक गंमत झाली. चंद्रकुमारच्या ग्रुपात लॅबमध्ये काम करणारी खुशबू नावाची एक मुलगी होती. ती रिताच्या शेजारी राहायची. तिने रितालाही ओढून नेलं. रिताने चड्डी घेतली नाही, हेल्मेट खुशबूचं जुनं घातलं, आणि धनंजयच्या पुतणीने टाकून दिलेली लेडीज सायकल दुरुस्त करून ती सलवार-कमीजवर चालवू लागली. ती सायकल करकरायची. पण धनंजय नेहमी शेवटी असल्यामुळे बायकोच्या सायकलची करकर त्याला लांबूनच ऐकू येई.

मग धान कापणीच्या दिवसांत चंद्रकुमारने एक व्हिडिओ पाहिला. मोठ्या शहरांतले सायकलवाले रात्रभर सायकल चालवून पहाटे समुद्रकिनारी पोचतात, वाळूत सायकली उभ्या करतात आणि सूर्याकडे पाहून हात वर करतात. चंद्रकुमारला ते फार भावलं. अडचण एवढीच होती, की भंडाऱ्याहून कोणत्याही दिशेने निघालं तरी समुद्र काही पहाटेपर्यंत येत नाही.

“पण आपल्याकडे पवनी आहे,” तो ग्रुपच्या बैठकीत म्हणाला. “धरणाचं पाणी बघा किती पसरलंय. पहाटे धुकं असलं की पलीकडचा काठ दिसत नाही. काठ दिसला नाही म्हणजे समुद्रच झाला ना?”

एवढ्यावर राइड ठरली.

धनंजयचं मात्र धाबं दणाणलं. पवनीचा रस्ता पहेला, अड्याळ, कोंढा असा जातो. त्याने साकोलीकडे जाऊ म्हणून पाहिलं, तुमसरकडे जाऊ म्हणून पाहिलं. चंद्रकुमारने विचारलं, “तिकडं समुद्र आहे का?” शेवटी धनंजयने मनाची समजूत घातली, की रात्रीच जायचं आहे. कोंढा झोपलेलं असेल. हेल्मेट घातलेला माणूस तर दिवसासुद्धा ओळखू येत नाही.

“माहेरावरून जायचं आणि आत डोकवायचं नाही?” रिताने विचारलं.

“रातच्याले कोन कोनाकडे डोकावते? बिचाऱ्यायची झोपमोड कशाले?”

रिताने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

शनिवारी जेवणं आटोपल्यावर नऊ सायकली त्रिमूर्ती चौकातून निघाल्या. गावाबाहेर पडेपर्यंत गप्पा जोरात होत्या. मग दिवे मागे पडले, थंडी बोचायला लागली आणि गप्पा आपोआप बंद झाल्या. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे खोलगट शेतं, मधूनमधून झाडांचे काळे ढीग, आणि पुढच्या सायकलचा लुकलुकणारा लाल दिवा. पहेल्याला थांबून त्यांनी केळी खाल्ली. अड्याळला थांबून उरलेली केळी खाल्ली. चंद्रकुमारने प्रत्येक ठिकाणी सगळ्यांची मोजणी केली, आणि दोन्ही वेळा स्वतःला मोजायला विसरून एक माणूस हरवला म्हणून घाबरला.

अड्याळ सोडल्यावर थंडी इतकी वाढली, की खुशबूला ब्रेक दाबताना बोटं आहेत की नाहीत ते कळेना. कोंढा जवळ आलं. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला, खळ्यावर, एक शेकोटी दिसली. धानाच्या पेंढ्यांचे मोठे पुंजने रचून ठेवलेले होते. चुरणी, म्हणजे मळणी, व्हायची होती, म्हणून राखणीला कोणीतरी घोंगडी पांघरून बसलं होतं.

“थांबू ना सर!” खुशबू ओरडली. “दोन मिनिटं हात शेकू!”

चंद्रकुमारने हात वर केला. सायकली हळू झाल्या. आणि धनंजयने ते खळं ओळखलं. ते त्याच्या सासऱ्याचं होतं. घोंगडीतला माणूस साळा धर्मेंद्र सोडून दुसरा कोण असणार?

त्याने मान खाली घातली आणि पॅडल मारायला सुरुवात केली. रावणवाडीला नाही, कुठेच नाही, अशी सायकल त्याने त्या रात्री चालवली. एकेकाला मागे टाकत तो पुढे निघाला, चंद्रकुमारच्याही पुढे गेला आणि अंधारात दिसेनासा झाला. इतके महिने ज्याची वाट पाहण्यात ग्रुपचा अर्धा वेळ जाई, तो माणूस असा उडताना पाहून चंद्रकुमारला भरून आलं. त्याने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या निवांत रात्री, अर्ध्या कोंढ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, “वा, धनंजयभाऊ! वा! याला म्हणतात दम!”

घोंगडी उठून उभी राहिली.

“कोन हाये बे?” टॉर्चचा झोत सगळ्यांवरून फिरला आणि रितावर येऊन थांबला. “बाई? तू? एवढ्या रातच्याले?”

“सायकलीनं पवनीले जाऊन राहिलो,” रिता म्हणाली. भावासमोर तिची बोली लगेच घरची झाली. “धरनाचं पानी पाहाले. हा आमचा ग्रुप.”

“बरं. अन् भाऊजी?”

रिताने अंधाराकडे पाहिलं. ती काही ठरवण्याआधीच खुशबू हात चोळत पुढे आली. “धनंजयकाका ना? ते आत्ताच गेले समोर. आज तर नुसते हवेत आहेत.”

धर्मेंद्रने टॉर्च खाली केली.

“अन् त्याइचा गुडघा?”

“गुडघ्याला काय झालं?” खुशबूने विचारलं.

रिता शेकोटीपाशी बसली आणि फार लक्ष देऊन हात शेकू लागली.

“एकटे गेले भाऊजी,” धर्मेंद्र म्हणाला. “परवाच तिकडं वाघाचे पंजे दिसले लोकायले.” त्याने पुंजन्याला टेकून ठेवलेली मोटारसायकल काढली आणि किक मारली. त्याला काळजी वाटली होती हे खरं. फक्त काळजीच वाटली होती असं मात्र नाही.

धनंजय एव्हाना गावही ओलांडून पुढे आला होता. धाप लागली होती, पण आनंदही झाला होता. तेवढ्यात मागून मोटारसायकलचा आवाज आला. साळ्याची गाडी तो आवाजावरून ओळखत होता, तिच्यावर बसून तो कितीदा पानठेल्यावर गेला होता. त्याने पटकन सायकलचा दिवा विझवला आणि हँडल डावीकडे वळवलं. एखाद्या धुऱ्याआड, शेताच्या बांधाआड, क्षणभर बसावं, गाडी पुढे जाऊ द्यावी, एवढाच त्याचा विचार होता. पण रस्ता उंच आणि बांधी खोल होती. सायकल आधी गेली, मग तो गेला. गुडघा धुऱ्यावरच्या दगडावर आपटला आणि तो तोंडावर लाखोरीच्या ओल्या शेतात पडला.

मोटारसायकल पुढे निघून गेली. धनंजयने श्वास रोखून धरला. थोड्या वेळाने तीच गाडी हळूहळू परत आली आणि बरोबर त्याच्यासमोर थांबली.

“भाऊजी,” वरून आवाज आला, “मांगचा लाईट चालू हाये तुमचा.”

चिखलात उताण्या पडलेल्या सायकलचा लाल दिवा मोठ्या इमानाने लुकलुकत होता.

“पडलो,” धनंजय म्हणाला.

“दिसून राहिलं.”

“गुडघा... अरे, खरंच गुडघा गेला माझा!”

धर्मेंद्र खाली उतरला. टॉर्च मारली. “कोनता?”

धनंजयने चाचपून पाहिलं आणि कळवळला. “डावा.”

“बरं झालं,” धर्मेंद्र म्हणाला. “आईले बाईनं डावाच सांगतला होता.”

साळ्याने त्याला खांद्याचा आधार दिला, गाडीवर बसवलं आणि सायकल बांधीतच राहू दिली. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाला, “बारशाच्या दिवशी खुशबूताईनं स्टेटसवर फोटो टाकले होते न, तलावावरचे तुमचे. बाईनं मले फॉरवर्ड केले, माझ्या पोरीच्या फोटोसंगं, चुकून. मी बाबाले नाही दाखवले.”

घर जागं झालं. सासरे गोपीचंद धोतर सावरत बाहेर आले, सासू रत्नाबाईंनी चूल पेटवली, आणि रितामागोमाग आलेल्या सायकलवाल्या सगळ्या पाव्हण्यांना अंगणात बसवून चहा, चिवडा दिला. धनंजयला खाटेवर झोपवलं होतं. काळ्या चिकट चड्डीखाली गुडघा उघडाच होता, आणि त्या चड्डीकडे कोणी बघू नये म्हणून तो मांडीवर घोंगडी ओढत होता.

“मी म्हनलं होतं का नाही,” रत्नाबाई म्हणाल्या, “दुखरा गुडघा तसाच ठेवला का एक दिवस दगा देते! अन् अशा पायानं सायकल काहून चालवाची, जवाईबापू? डाक्टरनं सांगतलं का?”

“व्यायाम सांगतला असन,” गोपीचंद म्हणाले. “शहरातले डाक्टर तसंच सांगतात.”

धनंजय “आई गं” म्हणाला. तो खरोखर कळवळला होता. पण अंगणात बसलेला चंद्रकुमार, ज्याला त्या बारशाच्या रविवारची गोष्ट धनंजयनेच हसत हसत सांगितली होती, चहाच्या कपात तोंड लपवून खुशबूला म्हणाला, “काय ॲक्टिंग आहे! झाडीपट्टीच्या नाटकात घेतील याला.”

रिता आत आली. आई चुलीपाशी गेलेली पाहून हळूच म्हणाली, “एवढं ओरडू नका. आईला उगाच घोर लागतो.”

“अगं, खरंच दुखतं!”

“मलासुद्धा तेच सांगता?” रिता म्हणाली. “मला तरी सोडा हो.”

“रिता, हात लावून बघ.”

“त्या दिवशी दिवसभर मी एकटी उभी होते इथं. प्रत्येकाला तुमचा गुडघा सांगत. माझ्या भाचीच्या बारशात मी तुमच्या गुडघ्याशिवाय काही बोलले नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. “आता तुम्ही सांगा सगळ्यांना. मी पाण्यावर जाते.”

“मला इथं टाकून?”

“मी पवनीच्या शाळेत शिकले. धरणात पाणी भरल्यापासून एकदा पाहिलं नाही मी ते.”

आणि ती गेली. धनंजय खाटेवर पडून करकरणारी सायकल अंगणातून रस्त्याला लागताना ऐकत राहिला. या वेळी ती सगळ्यांच्या पुढे होती.

सकाळी गुडघा एवढा सुजला, की धनंजयला स्वतःचा वाटेना. रत्नाबाईंनी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून आणलं आणि चोळायला घेतलं. त्या तेलाच्या वासाने घर भरून गेलं आणि धनंजयच्या ओरडण्याने गल्ली. त्यामुळे बातमी आपोआप पसरली. जवाई आले आहेत, गुडघा घेऊन आले आहेत. गावात गुडघेवाले पुष्कळ होते. दादाजी नावाचे शेजारचे म्हातारे काठी टेकत आले, आपला गुडघा धनंजयच्या गुडघ्याशेजारी मांडून बसले आणि कोणता जास्त सुजलाय यावर गोपीचंदांशी वाद घालू लागले. बारशाच्या दिवसापासून बरं न झालेलं दुखणं म्हणून सगळ्यांनी धनंजयच्या बाजूने निकाल दिला.

चुरणीचे दिवस होते. घरात काम पडलेलं. धर्मेंद्र खळ्यावर निघाला, त्याची बायको डोक्यावर शिदोरी घेऊन मागोमाग निघाली. जाता जाता धर्मेंद्रने पाळण्यातली टीना उचलली आणि धनंजयच्या पोटावर ठेवली.

“तुमाले तं हलताच येत नाही,” तो म्हणाला. “पाहा जरा.”

धनंजयने त्या पोरीला पहिल्यांदा पाहिलं. तिचे डोळे थेट रितासारखे होते, आणि पाहण्याची तऱ्हाही. तिने त्याच्या नव्या जर्सीची चेन मुठीत धरली आणि तोंडात घातली. थोड्या वेळाने तिला झोप लागली. चेन काही सुटली नाही. उठता येत नव्हतं, कूस बदलता येत नव्हती. पोटावर ते ऊन ऊन गाठोडं वरखाली होत होतं. इतके महिने कमी होईना म्हणून ज्या पोटाचा त्याने राग केला, ते पहिल्यांदा कोणाच्या तरी कामाला येत होतं.

समोर गोपीचंद अंबाडीच्या दोरीला पीळ भरत बसले होते. म्हातारा मधूनमधून नातीकडे बघायचा आणि हसायचा. धनंजयला ते हसू सहन होईना.

“मामाजी,” तो हळूच म्हणाला, “एक सांगाचं होतं.”

“सांगा न.”

“बारशाच्या वेळी माझा गुडघा दुखत नव्हता.”

गोपीचंदांनी दोरी थांबवली. विचार केला. “असंच असते,” ते म्हणाले. “वात अंगात लपून राहाते, जवाईबापू. आपल्याले कळतसुद्धा नाही.”

“तसं नाही. मी खोटं सांगतलं होतं. रितानं नाही, मी. सायकल चालवाले गेलो होतो त्या दिवशी.”

“दुखन्याले खोटं नाही म्हनू,” गोपीचंद मायेने म्हणाले. “पाहा बरं, कसा फुगून डम झाला हाये. हे का एका रातचं काम हाये? तुमी सहन केलं, कोनाले सांगतलं नाही, अन् आता माहं मन राखासाठी उलटं सांगून राहिले. समजते मले.”

धनंजयने आणखी एकदा प्रयत्न केला. म्हातारा आणखी गहिवरला. दुपारपर्यंत जवाईच्या सोशिकपणाची गोष्ट दादाजींच्या घरी पोचली होती.

रिता परतली ती ऊन चढल्यावर. बाकीचे लोक पवनीहून एसटीच्या टपावर सायकली टाकून भंडाऱ्याला गेले होते. ती एकटी सायकलने कोंढ्याला आली. त्याच सुमारास धर्मेंद्रने अड्याळच्या डॉक्टरांना गाडीवर बसवून आणलं. डॉक्टरांनी गुडघा दाबला, धनंजयने किंकाळी फोडली, पोर जागी झाली आणि तीही ओरडू लागली.

“हाड मोडलं नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण आतली नस चांगलीच ताणली आहे. आठवडाभर उठायचं नाही. कालच पडले ना हे?”

“नाही, जुनं हाये,” गोपीचंद म्हणाले.

“छे. हे अगदी ताजं आहे.”

“डाक्टर नवीन हाये,” डॉक्टर गेल्यावर गोपीचंद रत्नाबाईंना म्हणाले.

रिता दारात उभी होती. चेहरा उन्हाने लाल, सलवारीला चिखल. ती पुढे आली आणि दोन बोटांनी हळूच सूज दाबून पाहिली. धनंजय ओठ आवळून पडून राहिला.

“खरंच लागलं हो,” ती म्हणाली.

“हो.”

“मग तसं सांगायचं ना नीट!” असं म्हणून ती हसायलाच लागली. हसता हसता खाटेच्या काठावर बसली, पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले आणि आईच्या हातातली तेलाची वाटी आपल्याकडे घेतली. तिचा हात आईपेक्षा हलका होता. मात्र फार हलका होता असंही नाही.

संध्याकाळी धर्मेंद्र खळ्यावरून आला. वाटेत बांधीतून त्याने भाऊजींची सायकल काढून आणली होती. तिचं पुढचं चाक वाकडं झालं होतं. त्याने ती गोठ्याच्या भिंतीला टेकवली, हातपाय धुतले, आणि धनंजयशेजारी येऊन बसला. रत्नाबाईंनी लाखोरीच्या डाळीचे वडे तळले होते. धर्मेंद्रने ताटली मधे ठेवली. बोलायचं तर धनंजयला बरंच होतं, पण तोंडात गरम वडा होता, आणि तो संपेपर्यंत साळ्याने दुसरा पुढे केला.

चुलीपाशी रिता आईला पाणी सांगत होती.

“धुकं होतं,” ती म्हणत होती. “पलीकडचं काहीच दिसे ना. मासे धरनाऱ्या ढीवरायच्या डोंग्या आधी ऐकू याच्या, मंग दिसाच्या. सूर्य निंगाला तं पानी सारं तांब्यासारखं झालं. वारा सुटला, तं लाटा बी आल्या, लहान लहान. आमचे सर पान्यात उभे राहून हात वर करून ओरडून राहिले, समुद्र, समुद्र म्हनून.”

“समुद्र असाच राहाते का वं?” रत्नाबाईंनी विचारलं.

“मी कुठं पाहिला, आई?”

“मले घेऊन चाल एकदा. जवाईबापूचा पाय बरा झाला का.”

“त्याइची काय वाट पाहाची,” रिता म्हणाली. “उद्या जाऊ आपन. बसनं.”

धनंजयलाही पाण्याबद्दल काहीतरी विचारायचं होतं. पण टीना पुन्हा त्याच्या पोटावर झोपली होती, आणि मोठ्याने बोललं तर ती उठली असती.